ताटलीतले वीस रुपये कोणाचे? टिप, कार्ड आणि ‘अंतस्थ’ यांचा इतिहास

१/ हॉटेलात कार्डाने किंवा क्यूआर कोडने दिलेली टिप वेटरपर्यंत पोहोचते का? आणि पोहोचत नसेल, तर त्या व्यवहाराला काय म्हणायचे? प्रश्न वीस-पन्नास रुपयांचा दिसतो. परंतु पेशवाईतल्या मामलतदारांपासून लंडनच्या वेटरांपर्यंत अनेकांचे हितसंबंध त्यात गुंतलेले आहेत. त्याविषयीचा हा दीर्घ धागा.

२/ आरंभ टेंभुर्णीपासून करू. माढा तालुक्यातले हे गाव पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. येथून पंढरपूर, कुर्डुवाडी, अकलूज अशा वाटा फुटतात. मालट्रक, वारकऱ्यांच्या गाड्या, हंगामात उसाची वाहने असा अखंड राबता. येथे जेवायला थांबणारा प्रवासी पुन्हा त्याच हॉटेलात येईलच असे नाही. म्हणजे त्याने ठेवलेली टिप पुढच्या खेपेच्या चांगल्या सेवेसाठी नसते. ती केवळ कृतज्ञता असते.

३/ काही वर्षांपूर्वीपर्यंत ही कृतज्ञता बडीशेपेच्या ताटलीत दिसत असे. बिल चुकते केल्यावर उरलेली दहा-वीसची नोट ग्राहक तिथेच सोडून उठे आणि वेटर ती उचले. २०१६ साली यूपीआय आले, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि हळूहळू सुटे पैसे खिशातून हद्दपार झाले. आता ग्राहक गल्ल्यावरचा कोड स्कॅन करतो, बिलापेक्षा वीस रुपये अधिक टाकतो आणि म्हणतो, “वरचे त्या पोराला द्या.”

४/ ते ‘वरचे’ ज्या खात्यात पडतात ते मालकाचे असते. तेथे जेवणाचे तीनशे ऐंशी आणि टिपेचे वीस असा भेद नसतो. चारशेची एकच नोंद असते. मालक प्रामाणिक असेल तर गल्ल्यातून वीस काढून देतो. गर्दीत विसरला तर विसरला. द्यायचेच नसतील तर त्याला कोणी विचारतही नाही. वेटरला आपल्याला काही मिळाले होते हेच मुळी ठाऊक नसते.

५/ कार्डावरील टिपेची फसवणूक म्हटले की अमेरिकेतला प्रकार आठवतो. तेथे अनेक ठिकाणी आधी कार्ड घासले जाते, मग ग्राहक पावतीवर टिपेचा आकडा हाताने लिहून सही करतो आणि अंतिम रक्कम नंतर नोंदवली जाते. आकडा लिहिणे आणि रक्कम वळती होणे यांतल्या अवकाशात पाचाचे पंधरा करणे शक्य होते. तेथे संशयाची सुई वेटरकडे वळते.

६/ आपल्याकडे ही फट बरीच बुजलेली आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे दुकानात कार्ड वापरताना पिन टाकण्याची पद्धत रुळली आणि चुंबकीय पट्टीच्या कार्डांऐवजी चिपची कार्डे आली. त्यासाठी २०१८ अखेरची मुदत होती. एकूण रक्कम पाहूनच आपण पिन टाकतो. ती मागाहून वाढवता येत नाही. ग्राहक सुरक्षित झाला. ज्याच्यासाठी पैसे दिले, तो मात्र त्या सुरक्षेच्या बाहेर राहिला.

७/ आता इतिहासाकडे. मराठीत अशा वरकड पैशांसाठी शब्दांची वाण कधीच नव्हती. वरिष्ठाने खूश होऊन दिले ते बक्षीस. सणाला गडीमाणसांना द्यायचे ते पोस्त. खरेदीच्या व्यवहारात मध्यस्थाने किंवा नोकराने वहिवाटीने घ्यायची ती दस्तुरी. आणि कारभाऱ्यांना गुपचूप पोहोचवायचे ते अंतस्थ. पैसा एकच, तो कोणी, कोणाला, कोणत्या नात्याने दिला यावरून नाव बदलते.

८/ यांतल्या ‘अंतस्था’ची कथा फार बोलकी आहे. पेशवाईच्या अस्तानंतर दख्खनचा कमिशनर झालेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात तिची नोंद केली. मामलतदार गावांकडून ‘दरबारखर्च’ वा ‘अंतस्थ’ या नावाखाली जादा रक्कम गोळा करत. मुळात ती दरबारातल्या मंत्र्यांना आणि हिशेब तपासनिसांना गुप्तपणे द्यायची लाच होती.

९/ पुढे काय झाले? ही लाच इतकी रूढ झाली की ती ठरीव देणे बनली आणि इतर रकमांप्रमाणे तिचीही रीतसर तपासणी होऊ लागली. पण लाच द्यावी लागणे काही थांबले नाही! मग तिच्यासाठी आणखी वसुली सुरू झाली. अशा नाजूक बाबींत तपासनीस फार खोलात शिरत नसल्यामुळे मामलतदार वरच्यांच्या नावाने गोळा करी त्यातला मोठा वाटा स्वतःकडेच ठेवी.

१०/ लाच आणि टिप यांत नैतिक अंतर मोठे आहे, हे मान्यच. लाच काम करून घेण्यासाठी असते, टिप काम झाल्यानंतर. मी तुलना करतो आहे ती मार्गाची. एकासाठी म्हणून घेतलेला पैसा दुसऱ्याच्या हातून जातो, त्याला हिशेबात नाव मिळते आणि त्या नावाच्या आड मधल्या माणसाचा वाटा लपतो.

११/ आपल्या काळातला ‘सेवा शुल्क’ हा असाच प्रवास आहे. ऐच्छिक टिप बिलाच्या तळाशी छापील टक्केवारी होऊन बसली. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ते बिलात आपोआप जोडण्यास मनाई केली. हॉटेलचालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. ग्राहक जिंकला. पण वेटरला त्यातून काय मिळत होते, हा प्रश्न पुन्हा बाजूलाच पडला.

१२/ हा प्रश्न नेमका विचारला तो लंडनच्या वेटरांनी. रोख टिप थेट त्यांच्याकडे येई. कार्डाने वा धनादेशाने दिलेली टिप आधी मालकाच्या खात्यात जाई. मालक तेवढी रक्कम त्यांना देई खरा, पण ती किमान वेतनाचा भाग म्हणून मोजी. म्हणजे ग्राहकाच्या कृतज्ञतेतून मालकाचे वेतनाचे ओझे हलके होई. ब्रिटिश न्यायालयांनी कार्डावरची टिप मालकाची ठरवली. ‘नर्व्हा’ या नावाने ओळखले जाणारे हे प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले आणि तेथेही २००२ साली वेटर हरले.

१३/ एकच ग्राहक, एकच भावना, एकच रक्कम. नोटेने दिली तर वेटरची, कार्डाने दिली तर मालकाची! हा अन्याय दूर व्हायला वेळ लागला. २००९ पासून टिप किमान वेतनात धरणे बंद झाले. पुढे २०२३ चा स्वतंत्र कायदा झाला, तो १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. ज्या महिन्यात टिप मिळाली, त्याच्या पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत ती कामगारांना पोहोचलीच पाहिजे आणि तिच्या नोंदीही ठेवल्या पाहिजेत.

१४/ भारतात तत्त्व याआधीच सांगितले गेले आहे. १९७६ च्या रामबाग पॅलेस हॉटेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने टिप हे मालकाने स्वतःच्या खिशातून दिलेले पैसे नव्हेत, असे म्हटले. एप्रिल २०१६ मध्ये आयटीसीच्या प्रकरणात कार्डावरच्या टिपेवर वेतनाप्रमाणे करकपात करावी का, असा मुद्दा होता. न्यायालयाने ‘नाही’ म्हटले. ती रक्कम हॉटेल केवळ विश्वस्त या नात्याने सांभाळते.

१५/ विश्वस्त! फार मोलाचा शब्द. पण ही प्रकरणे मोठ्या हॉटेलांची होती. तेथे कामगार संघटना होत्या, हिशेब होते, वकील होते. महामार्गावरच्या हॉटेलातल्या पोऱ्याने हे विश्वस्तपण कोणाकडे आणि कोणत्या कागदाच्या आधारे मागायचे? टिप किती दिवसांत द्यावी हे सांगणारा ब्रिटनसारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही.

१६/ मग रोखच बरी का? तीही निर्दोष नाही. काही ठिकाणी ताटलीतली नोट गल्ल्याजवळच्या डब्यात टाकावी लागते आणि डब्याची किल्ली व्यवस्थापकाकडे असते. भांडी घासणारी बाई आणि तंदूरवरचा आचारी ग्राहकाला दिसत नाहीत. ताटलीत त्यांचा वाटा नसतो. शिवाय रोखीचा पुरावा उरत नाही. लेखी नोंद ही मुळात दुबळ्याची शत्रू नाही.

१७/ याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. हमालांची मजुरी मालकांनी मंडळात भरायची आणि मंडळाने ती कामगाराला द्यायची, अशी व्यवस्था उभी राहिली. अंमलबजावणीच्या तक्रारी आजही आहेत. तरीही पैसा कोणाचा हे आधी ठरवले, की नोंदवही कामगाराच्या बाजूने बोलू शकते, हे त्या कायद्याने दाखवून दिले.

१८/ म्हणून माझे मत असे. कार्ड की रोख, हा वाद दुय्यम आहे. बिलावर आणि यंत्रावर टिपेची रक्कम वेगळी नोंदली जावी, ती वाटपाची मुदत आणि रीत कायद्याने ठरावी, आणि हॉटेलातल्या भिंतीवर दरपत्रकाशेजारी ती लिहिलेली असावी. ज्या यंत्राला जीएसटीचा पैसा न् पैसा वेगळा काढता येतो, त्याला टिपेचे वीस रुपये वेगळे दाखवणे अवघड नाही.

१९/ तोवर आपल्या हाती काय? बिल खुशाल मोबाईलने भरावे. टिप मात्र शक्यतो रोख आणि हातात द्यावी. सुटे नसतील तर वेटरचाच कोड मागावा, बहुतेकांच्या फोनमध्ये तो असतो. आणि गल्ल्यावर द्यावीच लागली, तर “वरचे त्या पोराला द्या” हे त्या पोराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणावे. अंतस्थ लपून देत असत. बक्षीस चारचौघांत द्यायचे असते.

(धागा समाप्त. आपल्या भागातल्या हॉटेलांत टिप कशी वाटली जाते, हे अवश्य लिहा. विशेषतः आपण स्वतः तेथे काम केले असेल तर.)