बिल वाढलं की बोल कुणाला?

मैत्रिणींनो, मे महिन्याचं लाइट बिल आलं की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं, "दिवसभर फ्रिजचं दार उघडं टाकता, मग बिल येणारच!" बोलणारा बहुधा पुरुष, ऐकून घेणारी घरातली बाई. बचत गटाच्या कामासाठी फिरताना हे मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसले.

मी कला शाखेची, तरी एवढं समजून घेतलं. फ्रिज थंडावा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. आतल्या नळ्यांत एक द्रव असतो. त्याची वाफ होताना तो दूध-भाजीतली उष्णता शोषतो (घाम वाळताना आपल्याला गार वाटतं, तसंच). कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, ती तापते आणि मागच्या काळ्या जाळीतून उष्णता खोलीत सोडून पुन्हा द्रव होते. उष्णता आपणहून गारातून गरमाकडे जात नाही, हा नियम क्लॉसियस या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० मध्ये मांडला. पाणी चढावर न्यायला पंप लागतो, तसा इथे कॉम्प्रेसर. चढ जितका मोठा, तितकी वीज जास्त.

आता हा चढ वाढवतं कोण? घर बांधताना फ्रिजची जागा ठरवतात गवंडी आणि घरातले कर्ते. कुठे तीन बाजूंनी बंद कोनाडा, कुठे शेगडीला खेटून. जाळी भिंतीला टेकलेली. त्या उष्णतेने जायचं कुठे? कॉम्प्रेसर बिचारा घुंघुं करत राहतो. नकाशा काढतानाच स्वयंपाक करणारीला विचारलं असतं तर! हल्लीच्या बऱ्याच फ्रिजना मागे जाळी दिसत नाही, नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात. म्हणून तिथे हात लावला की कोमट लागतं. तिथेही मोकळी हवा हवीच.

दार सारखं उघडलं, गरम दूध तसंच आत ठेवलं की बिल वाढतं, हे खरंच. पण दाराचं रबर सैल झालंय का, हे किती जण बघतात? दारात दहाची नोट धरून दार लावा. नोट सहज निसटली तर रबर बदलायला झालं. आणि बर्फ सुरीने खरवडू नका गं! नळीला भोक पडलं की गॅस गेला, शिवाय बऱ्याच नव्या फ्रिजमधला गॅस पेट घेणारा असतो.

नवा घ्यायचा झाला तर रंग बघण्याआधी स्टारचं लेबल वाचा. २००६ पासून ही योजना आहे. वर्षाला किती युनिट लागतील ते त्यावर छापलेलं असतं. आपल्या दराने गुणलं की खर्च निघतो. लेबलवरचं सालही बघा. निकष कडक होत जातात, त्यामुळे जुन्या सालचे पाच स्टार आजचे पाच नव्हेत.