एक बोनमॅरो, दोन नावं

आपल्या धंद्यात 'फोर्क' काही नवा नाही. भांडण झालं की एक गट सोर्स कोड उचलतो आणि वेगळं दुकान थाटतो. दोन्हीकडची मंडळी हुशारच असतात, हाल होतात ते वापरणाऱ्याचे. रक्ताच्या कॅन्सरच्या वर्गीकरणाचा २०२२ साली असाच फोर्क झाला. इथे वापरणारा म्हणजे पेशंट.

२००१ पासून या बाबतीत डब्ल्यूएचओचं वर्गीकरण हेच जगाचं स्टँडर्ड होतं. २०२२ मध्ये त्यांनी पाचवी आवृत्ती काढली, आणि आधीच्या आवृत्त्यांवर राबलेल्या बऱ्याच तज्ज्ञांनी त्याच वर्षी 'आयसीसी' नावाचं आपलं वेगळं वर्गीकरण काढलं.

मी डॉक्टर नाही, पण हे वाचून डोकं सटकलं. समजा, बोनमॅरोत ब्लास्ट (अर्धकच्च्या पेशी हो!) ७ टक्के आहेत आणि एनपीएम१ जीनमध्ये म्युटेशन सापडलंय. डब्ल्यूएचओ म्हणणार, हा एएमएल, म्हणजे अक्यूट ल्युकेमिया. आयसीसी म्हणणार, थांबा, १० टक्के तरी भरू देत, तोवर एमडीएस. स्लाइड तीच, माणूस तोच! दुसऱ्या कुणाचे ब्लास्ट १२ टक्के, ठळक जीन-बिन काही नाही: इकडे एमडीएस, तिकडे 'एमडीएस/एएमएल'. त्या तिरप्या रेघेमागचा हेतू चांगला आहे, अशा पेशंटला दोन्ही आजारांच्या ट्रायल्स खुल्या राहाव्यात हा. पण रिपोर्ट हातात घेऊन घरच्यांनी गूगलवर शोधायचं तरी काय?

बरं, या रेघा काही निसर्गाने आखलेल्या नाहीत. एएमएलची रेघ जुन्या फॅब वर्गीकरणात ३० टक्क्यांवर होती, डब्ल्यूएचओने २००१ मध्ये ती २० वर आणली. ज्ञान वाढलं की रेघ सरकणारच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एकाच वेळी दोन रेघा असण्याबद्दल आहे.

'नावात काय आहे, डॉक्टर पेशंट बघूनच औषध देतात' हे मला पटत नाही. औषधाला मंजुरी मिळते ती आजाराच्या नावावर, ट्रायलमध्ये घेतात ते नावावर, विम्याचा फॉर्मही नावच विचारतो.

दोन्ही गटांनी एकत्र बसून हे मर्ज करावं. ते होईल तेव्हा होईल. तोवर निदान प्रत्येक बोनमॅरो रिपोर्टवर दोन्ही नावं, आणि कुठलं नाव कुठल्या वर्गीकरणातलं, एवढं तरी छापा की राव! आम्ही साध्या एपीआयलासुद्धा व्हर्जन नंबर देतो.