बर्फ गेले, जमीन अजून वर येते आहे

स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधल्या बोथ्नियाच्या आखातात समुद्र अनेक शतके मागे हटतो आहे. जुनी बंदरे उथळ झाली, बेटे किनाऱ्याला जोडली गेली. तापमापकामुळे आपल्या परिचयाचे झालेले अँडर्स सेल्सिअस यांनी १७३१ मध्ये तिथल्या एका खडकावर पाण्याच्या पातळीची खूण कोरली. पाणीच आटत आहे, असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात जमीन वर येत होती.

हिमयुगात या प्रदेशावर सुमारे तीन किलोमीटर जाडीचे बर्फ साचले होते. त्या भाराने भूकवच खाली दबले आणि त्याखालच्या प्रावरणातला, म्हणजे मॅन्टलमधला, खडक बाजूला सरकला. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी बर्फ वितळले. सरकलेला खडक मात्र अजून परततोच आहे. आखाताच्या उत्तर भागात जमीन आजही वर्षाला जवळजवळ एक सेंटिमीटर उचलली जाते.

प्रावरण म्हणजे लाव्ह्याचा समुद्र, ही समजूत पाठ्यपुस्तकांतल्या लालभडक चित्रांनी पसरवली. ते घन आहे. द्रवातून जाऊ न शकणाऱ्या भूकंपलहरी त्यातून जातात. थंड डांबर हातोड्याने फुटते, पण वर्षानुवर्षे ठेवले तर ओघळते. प्रावरणाचेही तसेच, फक्त काळाचे माप हजारो वर्षांचे.

वाहण्याला होणाऱ्या या अंतर्गत विरोधाला श्यानता म्हणतात. ती जितकी जास्त, तितकी जमीन सावकाश उठते. उंचावर राहिलेल्या जुन्या किनारारेषांचे वय आणि उंची जुळवली की उठण्याचा वेग कळतो. स्वीडनच्या ‘हाय कोस्ट’वर अशी रेषा समुद्रापासून सुमारे २८५ मीटर उंच आहे. अशाच नोंदींवरून नॉर्मन हॅस्केल यांनी १९३५ मध्ये श्यानता काढली : एकावर एकवीस शून्ये, इतके पास्कल-सेकंद. पाण्याची श्यानता एका पास्कल-सेकंदाचा हजारावा भाग असते. जिथे कुणी कधी पोहोचले नाही, त्या खोलीवरच्या खडकाचा हा आकडा आजही मोठ्या प्रमाणात टिकून आहे.

तो सगळीकडे सारखा लावणे मात्र चुकीचे ठरेल. पश्चिम अंटार्क्टिकात अमुंडसन समुद्राजवळ जमीन वर्षाला चार सेंटिमीटरपर्यंत उठताना आढळली. तिथल्या प्रावरणाची श्यानता कितीतरी कमी असली पाहिजे. उपग्रह गुरुत्वाकर्षणातल्या बदलावरून बर्फाची घट मोजतात, आणि जमिनीखाली परतणारा खडक त्या घटीचा काही भाग झाकतो. त्याचा हिशेब कमी धरला, तर वितळलेले बर्फही कमीच दिसेल. समुद्रपातळीच्या अंदाजांमध्ये या दुरुस्तीला तळटीपेची जागा देऊन चालणार नाही.