आजीची दिवाळी, मैत्रिणींची दिवाळी

१९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला आणि फराळाला वाचनाची जोड मिळाली. यंदाचा आमचा अंक त्या फराळामागच्या आजीला अर्पण.

वसुबारसेच्या बऱ्याच आधी तिचे तांदूळ भिजतात. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग कुटून, गूळ घालून अनारशाचं पीठ मुरवायचं. चकल्यांना शेजारणी येतात. एकीनं सोऱ्या फिरवायचा, दुसरीनं तळायचं. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. जन्मभराच्या मैत्र्या अशाच जमल्या. नातवंडं परतल्यावर रिकाम्या घरात आजीला सोबत असते ती याच मैत्रिणींची.

या दिवाळीत आजीला साडी जरूर घ्या. पण तिच्या जुन्या मैत्रिणीकडेही तिला आवर्जून घेऊन जा.

शुभ दीपावली!

– संपादक