घातांकापाशी अडणारे गणित

विशेष प्रतिनिधी

दहावीला गणितात ३५ गुण हवेत की २० पुरेत, हा वाद ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने रंगला. २० गुण मिळवणाऱ्यास अकरावीत प्रवेश द्यावा, मात्र पुढे गणित-विज्ञानाची वाट त्याला बंद राहावी, अशी ती तरतूद. ही सवलत की शिक्षा, यावर पुष्कळ शाई खर्च झाली. मुलाचे गणित नेमके कुठे सुटते, हा प्रश्न बाजूलाच राहिला. ते दहावीत क्वचितच सुटते. सातवी-आठवीत धागा निसटलेला असतो, आणि तो निसटण्याची एक हमखास जागा म्हणजे घातांक.

'बालभारती'च्या २०१७ सालच्या सातवीच्या पुस्तकात घातांकाला स्वतंत्र प्रकरण आहे. वर्गात मात्र बहुधा नियमच आधी फळ्यावर येतात: गुणाकारात घातांकांची बेरीज, भागाकारात वजाबाकी, घाताचा घात असल्यास गुणाकार. तीन ओळी पाठ होतात आणि परीक्षेत त्यांची सरमिसळ होते. दोनचा तिसरा घात म्हणजे तीन वेळा दोन मांडून केलेला गुणाकार. चौथा घात म्हणजे चार वेळा. दोन्ही एकमेकांस गुणले की ओळीत सात दोन उभे राहतात, म्हणून सातवा घात, म्हणजेच १२८. हे एकदा वहीत मांडून पाहिलेला विद्यार्थी बारावा घात लिहिणार नाही, की पाया बदलून चार करणार नाही.

खरी कसोटी शून्याची. पाचचा शून्य घात एक कसा? पाच एकदाही घेतला नाही तर उत्तर शून्यच, असे मुलाचे मन सांगते, आणि ते अगदीच अवाजवी नाही. त्यावर 'नियमच तसा आहे' असे उत्तर मिळाले, की गणित हा हुकुमांचा विषय ठरतो. वास्तविक १२५, २५, ५ अशी पायरीगणिक पाचाने भागत उतरण आहे. पुढची पायरी एक, त्याखालची एकपंचमांश. शून्य आणि ऋण घातांकांचा उलगडा याच उतरणीवर होतो. भागाकाराचा नियम टिकवायचा तर दुसरे उत्तर संभवतच नाही.

कला शाखेकडे जाणाऱ्यास हे कशाला, असे विचारले जाईल. वर्तमानपत्र वाचण्यासाठी, हे त्याचे एक उत्तर. १९९३ चा किल्लारीचा भूकंप ६.२ तीव्रतेचा, २००१ चा भूजचा ७.७. फरक जेमतेम दीडाचा भासतो. परंतु या मापनात एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट, म्हणजे दहाचा घातांक दीड, इतकी वाढते. दीड अंकांसाठी घाताच्या घाताचा नियम लावावा: दीड गुणिले दीड, घातांक सव्वादोन. उत्तर सुमारे १७८ पट! (किल्लारीतील हानी दगडमातीच्या घरांनी वाढवली, तो हिशेब निराळा.)

नव्या अभ्यासक्रमाची सुरुवात २०२५-२६ मध्ये पहिलीपासून झाली. सातवी-आठवीची पाळी त्यानंतरची. त्या पुस्तकांत नियमांची चौकट प्रकरणाच्या आरंभी असेल की मुलांनी उतरण मांडून झाल्यावर, आणि त्या मांडणीसाठी शिक्षकांना दोन तासिका जास्त मिळतील का, याचा निर्णय गुणांच्या वादाआधी व्हायला हवा.