अपुऱ्या खेळाची आगाऊ किंमत

संगणकावरील व्हिडिओ गेमच्या विक्रीचे सर्वांत मोठे ऑनलाइन दालन असलेल्या ‘स्टीम’वर फेब्रुवारी २०२५ पासून एक छोटी सूचना दिसू लागली आहे. ‘अर्ली ॲक्सेस’ या गटात विक्रीस ठेवलेल्या खेळात निर्मात्याने वर्षाहून अधिक काळ काहीच भर घातली नसेल, तर शेवटची सुधारणा किती महिन्यांपूर्वी झाली, हे ग्राहकाला खरेदीपूर्वीच सांगितले जाते. सूचना साधी असली, तरी ती देण्याची वेळ यावी हे पुरेसे बोलके आहे. अपुरा खेळ विकायचा आणि त्याच पैशातून तो पुरा करायचा, ही पद्धत स्टीमवर २० मार्च २०१३ रोजी अवघ्या १२ खेळांनिशी सुरू झाली. तिने अनेक लहान निर्मात्यांना उभे केले. तसेच अर्ध्यावर सोडून दिलेल्या खेळांचा पसाराही मागे ठेवला.

या पद्धतीला बळ मिळाले ते ‘माइनक्राफ्ट’मुळे. स्वीडनमधील मार्कस पेर्सन या प्रोग्रॅमरने मे २००९ मध्ये या खेळाचे अगदी कच्चे रूप इंटरनेटवर ठेवले आणि जूनपासून ते विकण्यास प्रारंभ केला. किंमत सुमारे १० युरो, म्हणजे पूर्ण खेळासाठी ठरवलेल्या किमतीच्या जवळपास निम्मी. जानेवारी २०११ पर्यंत १० लाख प्रती विकल्या गेल्या. खेळ ‘पूर्ण’ झाल्याची अधिकृत घोषणा मात्र नोव्हेंबर २०११ मध्ये झाली. पुढे २०१४ साली मायक्रोसॉफ्टने पेर्सनची मोयांग ही कंपनी २.५ अब्ज डॉलरला घेतली, तेव्हा आरंभीच्या ग्राहकांच्या वाट्याला त्यातील काही येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी विकत घेतला होता तो खेळ, कंपनीचा हिस्सा नव्हे. ज्या दिवशी पैसे दिले त्या दिवशी तो खेळण्याजोगा होता, हेही तितकेच खरे.

सर्वच खेळांना हा मार्ग मानवत नाही. अमेरिकेतील डबल फाइन या कंपनीने फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘किकस्टार्टर’ या संकेतस्थळावर एका कथाप्रधान खेळासाठी ४ लाख डॉलर मागितले. सुमारे ८७ हजार लोकांनी मिळून ३३ लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. एवढा पैसा हाती आल्यावर खेळाचा आराखडाही फुगला. जुलै २०१३ मध्ये कंपनीचे प्रमुख टिम शेफर यांना सांगावे लागले, की पैसा पुरणार नाही. तेव्हा ‘ब्रोकन एज’ नावाच्या या खेळाचे दोन भाग करण्यात आले. पहिला भाग जानेवारी २०१४ मध्ये आला. त्याच्या विक्रीतून पुढचे काम झाले आणि दुसरा भाग एप्रिल २०१५ मध्ये आला. उशिरा का होईना, हा खेळ पुरा तरी झाला. त्याच कंपनीचा ‘स्पेसबेस डीएफ-९’ अर्ली ॲक्सेसमध्ये विक्रीस आल्यानंतर वर्षभरातच, योजलेल्या अनेक गोष्टी वगळून ‘पूर्ण’ म्हणून जाहीर झाला. विक्रीतून येणारा पैसा विकासाच्या खर्चाला पुरत नव्हता, एवढेच त्याचे कारण. नामांकित कंपनीची ही गत, तर दोघातिघांच्या चमूची काय कथा?

खेळ कोणत्या प्रकारचा आहे, यावर येथे बरेच अवलंबून असते. ज्याची गोडी पुनःपुन्हा खेळण्यात आहे, तो खेळ तुकड्यातुकड्याने लोकांपुढे ठेवता येतो. ‘हेडीस’ डिसेंबर २०१८ मध्ये अपुरा विक्रीस आला आणि सप्टेंबर २०२० मध्ये पूर्ण झाला. तोवर खेळाडूंच्या सूचनांनुसार त्याच्यात बदल होत राहिले, पण कथेचा शेवट निर्मात्यांनी अखेरपर्यंत हातचा राखला. हेही आधीच्या यशस्वी खेळांचा पैसा गाठीशी असल्यामुळे साधले. उलट, एकदाच उलगडणाऱ्या कथेचा अर्धा भाग आधी दाखवला, की कुतूहल तिथेच खर्ची पडते. पूर्ण खेळ येईपर्यंत लोक दुसरीकडे वळलेले असतात.

या पैशाला नेमके काय म्हणावे? तो कर्ज नाही, भागभांडवल नाही आणि निव्वळ देणगीही नाही. काम पुरे न झाल्यास पैसा कसा खर्च झाला याचा हिशेब द्यावा आणि उरलेली रक्कम परत करावी, असे किकस्टार्टरचे नियम सांगतात; पण तोवर बहुधा काही उरलेले नसते. स्टीमची भूमिका अधिक रोखठोक आहे. खेळ आज ज्या स्थितीत आहे तो पसंत असेल तरच घ्यावा, असे ती ग्राहकाला बजावते. जून २०१५ पासून स्टीमवर पैसे परत मागण्याची सोय आहे, परंतु तिला खरेदीपासून १४ दिवस आणि दोन तासांचा खेळ अशी मर्यादा आहे. खेळ रखडला हे ध्यानात येण्यास तर वर्ष-दोन वर्षे जातात. भारतात ‘सेबी’ने २०१४ मध्ये लोकनिधी उभारणीविषयी चर्चापत्र काढले होते, परंतु तिचा विचार गुंतवणुकीपुरता होता. बक्षीस किंवा वस्तूच्या आशेने दिलेला पैसा तिच्या कक्षेबाहेरच राहिला.

भारतीय निर्मात्यांची अडचण आणखी वेगळी आहे. किकस्टार्टरवर मोहीम उभारण्यास पात्र असलेल्या देशांच्या यादीत भारत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान कंपनीने ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ या पौराणिक कथाविश्वावरील खेळासाठी २०१७ साली तेथे मोहीम चालवली, ती ब्रिटिश पौंडांत. ठरवलेले उद्दिष्ट गाठले गेले नाही, आणि ‘उद्दिष्ट पूर्ण, तरच पैसा’ या नियमामुळे लोकांनी देऊ केलेली रक्कमही हाती आली नाही. खेळ तगला तो प्रकाशकाचे पाठबळ आणि अनरियल इंजिनच्या निर्मात्यांचे अनुदान यांच्या आधारावर. ऑगस्ट २०२० मध्ये तो प्रथम निन्टेन्डो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट खेळाच्या पारितोषिकासाठी त्याला नामांकन मिळाले. ते पारितोषिक ‘फास्मोफोबिया’ने पटकावले, आणि हा खेळ तेव्हा अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अपुराच होता.