वय किती म्हणालात?

आमच्या आत्याला गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वय ७६. नगरच्या एका रुग्णालयात ठेवलं होतं (२०२४ पासून जिल्हा अहिल्यानगर झालाय, पण आमच्या तोंडात अजून नगरच!). भेटायला येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "वय किती?" आकडा ऐकला की मान हलवायचा. "आता या वयात काय..." खोटं कशाला बोलू, मीही मनात तेच म्हणत होतो.

शेजारच्या कॉटवर चव्वेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ होते. त्यांना फिजिओथेरपी पाऊण तास, आत्याला दहा मिनिटं. का, तर ती दमते!

मला खटकलं ते हे. वयाचा परिणाम होतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. स्नायू झिजलेले, गुडघे दुखरे, जोडीला साखर आणि बीपी. म्हातारी माणसं लवकर थकतात, सुधारायला वेळ घेतात आणि घरी जाताना बऱ्याचदा तरुणांपेक्षा जास्त परावलंबी असतात. पण झटका किती मोठा होता आणि त्याआधी माणूस काय काय करत होता, हेही तितकंच पाहायला हवं ना? आत्या आदल्या रात्री शेळ्यांना चारा टाकून, पाच जणांच्या भाकरी थापून झोपली होती. केसपेपरवर हे कुठेच नव्हतं. तिथे नुसते ७६.

दमते तर दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं करा की! पण मिळाला तो सल्ला असा, "घरी न्या, तुम्हीच व्यायाम करून घ्या." आता हे बघा. भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर 'अटेंड' नावाची चाचणी झाली, निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. नातेवाइकांना शिकवून घरी व्यायाम करून घेतले, तरी सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा काही फरक दिसला नाही. म्हणजे नुसत्या घरच्यांवर सोपवून भागत नाही.

उलट माया कधी कधी आड येते. आम्ही आत्याला कौतुकानं भरवत होतो. एका फिजिओताईंनी आमच्या हातातला चमचा काढून तिच्या उजव्या हातात दिला. अर्धी खिचडी पदरावर सांडली. आम्ही कळवळलो, आत्या मात्र हसली... झटक्यानंतर पहिल्यांदा.

मग त्या ताई आमच्या विनंतीवरून आठवड्यातून दोनदा घरी येऊ लागल्या. आज आत्या काठी घेऊन अंगणात येते. भाकरी थापता येत नाही, पण पीठ मळते. एकीवरून नियम बांधू नये, हे मान्य. आणि घरी फिजिओ बोलावणं सगळ्यांना परवडत नाही, हेही. पण आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या कितीतरी शाळेत गेलेल्याही नव्हत्या. मग जाणकार फिजिओच्या देखरेखीखाली गावोगावी अशी माणसं का तयार होऊ नयेत?

असो. तुमच्यावर ही वेळ न येवो. पण आलीच, तर वय विचारणाऱ्याला वय जरूर सांगा, आणि तो मान हलवायच्या आत हेही सांगा की परवापर्यंत त्या घरात काय काय करत होत्या.